स्ट्रॉबेरीला पांघरूण कधी घालायचे?

जानेवारीत नागपुरात गोकुळपेठच्या बाजारात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे पारदर्शक डबे दिसू लागतात, तेव्हा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या परसातला स्ट्रॉबेरीचा वाफा बर्फाखाली झोपलेला असतो. पहिल्या वर्षी तिने पंचवीस रोपे लावली होती. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात, हवेत गारवा जाणवू लागताच, तिने ती काडाच्या जाड थराखाली झाकली आणि वरून प्लास्टिकही अंथरले. एप्रिलमध्ये तिने झाकण काढले तेव्हा त्यातली सहा रोपे जिवंत होती. "ताई, मी तर सगळ्यांच्या आधी झाकली होती न गं, मग मेली कशी?" असे तिने फोनवर विचारले, आणि मला वाटते की उत्तराचा मोठा भाग त्या प्रश्नातच होता. मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. तरीही हा विषय नीट उलगडून सांगायला मला तिच्याशी चार-पाच वेळा बोलावे लागले. अशा थंड मुलखांत आता आपली पुष्कळ माणसे राहतात आणि हौसेने बाग करतात, म्हणून ते सगळे येथे सविस्तर लिहीत आहे.

त्या दिवशी मी तिला मेलेले एक रोप उपटायला सांगितले आणि त्याचा गड्डा सुरीने उभा चिरून कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. स्ट्रॉबेरीचे खोड इतके आखूड असते की पाहणाऱ्याला ते खोड वाटतच नाही. पाने आणि मुळे यांच्या मधोमध, जमिनीला टेकलेला, अंगठ्याच्या पेराएवढा जो जाडसर भाग असतो, तेच ते खोड. बागायतदार त्याला क्राऊन म्हणतात, मी येथे गड्डा म्हणते. निरोगी गड्डा चिरला तर आतून मलईसारखा पांढरट दिसतो. तिच्या हातातला गड्डा मध्यभागी तपकिरी झाला होता, कापून उघडी ठेवलेली सफरचंदाची फोड जशी होते तसा. थंडीने मेलेल्या पेशींची ती खूण आहे. ज्या कुणाला वसंत ऋतूत आपली रोपे का फुटत नाहीत असा प्रश्न पडेल, त्याने एक रोप खर्ची घालून हे अवश्य पाहावे, कारण याहून स्पष्ट पुरावा दुसरा मिळत नाही.

रोपाचे सर्वस्व या गड्ड्यात असते. नवी पाने त्यातूनच फुटतात, नव्या रोपांना जन्म देणारे धावते खोड त्यातूनच निघते, आणि जूनमध्ये एकदाच भरभरून फळ देणाऱ्या जातींच्या बाबतीत पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्याही आदल्या वर्षीच, दिवस लहान होऊ लागल्यावर आणि रात्री गार झाल्यावर, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत या गड्ड्याच्या टोकाशी तयार होतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून हिवाळ्यात रोप जगले एवढ्याने काम भागत नाही. गड्डा वाचला, पाने फुटली, पण आतल्या कळ्या गेल्या, तर त्या जूनमध्ये हिरवेगार रोप दिसेल आणि फळे मोजकीच लागतील.

आता थंडीकडे वळू. नागपूरला थंडीचे अप्रूप आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते आणि त्या सकाळी शहर शेकोट्यांभोवती गोळा झाले होते. स्ट्रॉबेरीला मात्र तेवढ्या थंडीने काहीही होत नाही. मिनेसोटात जानेवारीच्या रात्री पारा उणे २५ अंशांपर्यंत सहज जातो, आणि त्या राज्यातील टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी तो उणे ५१ अंशांवर गेल्याची नोंद आहे. स्ट्रॉबेरीच्या गड्ड्याचे तापमान साधारण उणे ९ अंशांच्या खाली गेले की इजा सुरू होते. हवेचे उणे २५ आणि गड्ड्याचे उणे ९, या दोहोंमधले अंतर राखणे हेच हिवाळ्याच्या तयारीचे काम आहे, आणि ते काम काही अंशी रोप करते, काही अंशी जमीन करते, काही अंशी बर्फ करतो आणि उरलेले माणसाला करावे लागते.

रोप स्वतः काय करते हे समजणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बहिणीची चूक तिथेच झाली होती. पेशीच्या आतले पाणी गोठले तर बर्फाचे स्फटिक पेशीची नाजूक रचना फाडून टाकतात आणि पेशी मरते. शरद ऋतूत दिवस आखडू लागले आणि रात्री शून्याच्या आसपास येऊ लागल्या की रोप या संकटाची तयारी सुरू करते. त्याची वाढ मंदावते, पेशींमध्ये साखर साठू लागते, पेशींचे पटल थंडीतही लवचिक राहील असे बदलते. साखरेचा पाक साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतो. तोच न्याय येथे लागू पडतो. पुढे कडक थंडी आली की पेशीतले बरेचसे पाणी हळूहळू बाहेर, दोन पेशींमधल्या मोकळ्या जागेत सरकते आणि तिथे गोठते, तर पेशीच्या आत दाट, सहजासहजी न गोठणारा रस उरतो. ही सगळी तयारी एका रात्रीत होत नाही. तिला काही आठवड्यांची, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी थंडी लागते. कोवळ्या, वाढीच्या भरात असलेल्या रोपाला अचानक उणे ६ अंश मिळाले तर ते कोलमडते, आणि तेच रोप महिनाभर थंडी अंगावर घेऊन कणखर झालेले असेल तर तेवढ्या थंडीत सुखाने उभे राहते.

विदर्भातील संत्र्याच्या बागायतदाराला ही गोष्ट लगेच उमजेल. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडून झाडे ताणावर सोडतात, आणि ताण नीट बसला तरच फूल चांगले येते. मधेच कुणी दयेपोटी पाणी दिले तर ताण मोडतो आणि बहार बिघडतो. स्ट्रॉबेरीच्या रोपाला थंडीचा असाच ताण बसावा लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यावर जाड पांघरूण घातले की खालची जमीन उबदार राहते, रोपाला थंडीची चाहूलच लागत नाही, ते वाढत राहते आणि नोव्हेंबर संपता संपता खरी थंडी येऊन धडकते तेव्हा ते कोवळेच असते. शिवाय ओल आणि ऊब एकत्र आल्यावर गड्डा कुजण्याचा धोकाही असतो. बहिणीने घातलेल्या प्लास्टिकने यात भरच घातली, कारण स्वच्छ उन्हाच्या दिवशी प्लास्टिकखालची हवा तापते आणि रात्री तितकीच झपाट्याने निवते.

मग पांघरूण घालायचे तरी कशाला, असा प्रश्न तिने विचारलाच. याचे उत्तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात सापडते. मे महिन्यात बर्फाची लादी हातगाडीवरून नेताना ती लाकडाच्या भुशात लपेटून वर ओले गोणपाट टाकतात. भुसा थंडावा निर्माण करत नाही; बाहेरची उष्णता आत शिरायला तो फक्त अटकाव करतो. गव्हाचे काड हेच काम उलट दिशेने करते. ते रोपाला ऊब देत नाही, जमिनीत उन्हाळ्यापासून साठलेली उष्णता बाहेर पडताना तिची वाट अडवते. हे काम खरे तर काडांच्या पोकळ नळ्यांत आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा करते, म्हणून काड सैल आणि कोरडे असावे लागते. ताजा भुरभुरीत बर्फही याच कारणाने उत्तम पांघरूण ठरतो, कारण त्याच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग हवाच असते. ज्या वर्षी डिसेंबरमध्येच फूटभर बर्फ पडून टिकतो, त्या वर्षी वर कितीही थंडी असली तरी त्याच्याखालची जमीन शून्याच्या थोडीच खाली राहते. घात होतो तो बर्फ न पडता कोरडी कडक थंडी पडते त्या वर्षी.

दुसरा घात तापमानाच्या चढउताराने होतो, आणि मला तो थंडीइतकाच गंभीर वाटतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या फाटताना बारीक मुळे तुटतात, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. थंड देशात हेच काम बर्फ करतो. जमिनीचा वरचा थर गोठू लागला की खालचे पाणी त्या गोठणाऱ्या थराकडे ओढले जाते, आणि तेथे भिंगासारखे बर्फाचे पापुद्रे वाढत जाऊन माती वर उचलतात. मातीबरोबर रोपही उचलले जाते. दुपारी ऊन पडून वरची माती विरघळली की ती खाली बसते, पण रोप पूर्वीच्या जागी परत जात नाही. असे दहा-वीस वेळा झाले की मुळे तुटतात, गड्डा बोटभर वर येऊन उघडा पडतो, आणि बोचऱ्या वाऱ्यात वाळून जातो. मुळांना गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसते, त्यामुळे तो वाळतो तो कायमचाच. काडाच्या थराखाली जमीन एकदा गोठली की ती बहुतांशी गोठलेलीच राहते, आणि हेच हवे असते. पांघरुणाचे मोल स्थैर्यात आहे.

पांघरूण घालण्याची वेळ ओळखायची कशी? मिनेसोटात ती सहसा ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी येते, पण कॅलेंडरपेक्षा रोपाकडे आणि मातीकडे पाहणे श्रेयस्कर. पाने आपली ताठ उभारी सोडून जमिनीलगत पसरू लागतात आणि त्यांच्या हिरव्या रंगावर राखट-तांबूस छटा येते. दोन-चार रात्री पारा उणे ५-६ अंशांपर्यंत उतरून गेलेला असतो. बहिणीने स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर वापरायला सुरुवात केली आहे, आणि तो उपाय मला फार आवडला. चार इंच खोल मातीत तो खोचून सलग तीन दिवस ४ ते ५ अंशांच्या आसपास तापमान दिसले, की रोपे तयार झाली असे समजून काड पसरायला घ्यावे. फार वाट पाहणेही बरे नव्हे, कारण उघड्या वाफ्यावर उणे ९ अंशांची रात्र येऊन गेली तर नंतरचे पांघरूण व्यर्थ आहे.

काड गव्हाचे, ओटचे किंवा बार्लीचे घ्यावे. आपल्या भंडारा-गोंदियाकडचे धानाचे तणीस तिथे मिळाले तर तेही चालेल, मात्र ते मऊ असल्याने लवकर दबते. चाऱ्याचे सुके गवत वापरू नये; त्यातल्या तणाच्या बियांनी पुढच्या उन्हाळ्यात वाफा भरून जातो. झाडांची गळलेली पाने फुकट मिळतात म्हणून मोह होतो, पण मेपलची रुंद पाने ओली झाली की एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा बनतो आणि त्याखाली हवा खेळत नाही. पाइनची सुईसारखी पाने मात्र चांगली. काडाचा थर सैलसर पसरताना चार ते सहा इंचांचा असावा, म्हणजे पाऊस-बर्फाने दबून तो दोन-तीन इंचांवर येऊन टिकतो. उंच गादीवाफ्यांना बाजूंनीही थंडी लागते, म्हणून त्यांच्या कडांवरही काड पोहोचले पाहिजे. वाऱ्याने ते उडू नये यासाठी वर जाळी टाकावी किंवा काटक्या ठेवाव्यात. रस्त्यावरचा उपसलेला बर्फ वाफ्यावर ढकलणे टाळावे, कारण त्यात रस्त्यावर टाकलेले मीठ असते. काडात उंदीर घर करतात आणि गड्डे कुरतडतात. त्याकडेही लक्ष असावे.

खरे तर हिवाळ्याची तयारी फळे संपताच, जुलैमध्येच सुरू होते. तेव्हा जुनी पाने गड्ड्याच्या इंचभर वरून कापून टाकतात, दाट झालेली रांग फूटभर रुंदीवर आणतात, तण काढतात आणि खत देतात. पुढच्या काळात आठवड्याला सुमारे इंचभर पाणी मिळाले पाहिजे, कारण कळ्या धरण्याच्या दिवसांत तहानलेले रोप पुढच्या वर्षी हात आखडता घेते. नत्राचा शेवटचा हलका हप्ता ऑगस्टमध्ये द्यावा. त्यानंतर दिलेले नत्र कोवळी पालवी फोडते, आणि कोवळी पालवी घेऊन हिवाळ्याला सामोरे जाणे म्हणजे काय हे वर आलेच आहे. एक चूक मात्र वारंवार होताना दिसते: पाने तांबूस झाली म्हणून लोक ऑक्टोबरमध्ये ती छाटून वाफा स्वच्छ करतात. ती पाने अखेरपर्यंत गड्ड्यासाठी साखर तयार करत असतात. त्यांना हात लावू नये. जमीन गोठण्यापूर्वी एकदा व्यवस्थित पाणी द्यावे, कारण ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते. पाणी साचून राहणे मात्र घातकच.

कुंड्यांतल्या रोपांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो नागपूरच्या गच्चीवर बाग करणाऱ्यांना पटकन कळेल. मे महिन्यात जमिनीतला मोगरा तग धरतो आणि शेजारच्या कुंडीतला करपतो, कारण कुंडीला चहूबाजूंनी ऊन लागते आणि मुळांना पळायला जागा नसते. तीच कुंडी मिनेसोटात चहूबाजूंनी गोठते. तेथे ती जमिनीत काठापर्यंत पुरून वर काड घालावे, किंवा रोप कणखर झाल्यावर ती गरम न केलेल्या गॅरेजमध्ये अथवा शेडमध्ये भिंतीलगत ठेवावी. घरात, हीटरच्या उबेत आणणे चुकीचे आहे. रोपाला विश्रांतीसाठी कित्येक आठवड्यांची थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर वसंतात वाढ रोडावते. गॅरेजमधल्या कुंडीतली माती महिन्यातून एकदा बोटाने तपासावी आणि पार कोरडी वाटली तर थोडे पाणी घालावे.

जातीचाही संबंध आहेच. आपण आज जी स्ट्रॉबेरी खातो ती अठराव्या शतकात युरोपात दोन अमेरिकी जातींच्या संकरातून झाली. एक उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली, बर्फ पचवणारी. दुसरी चिलीच्या किनाऱ्यावरची, मोठ्या फळांची, जी फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये फ्रान्समध्ये आणली. त्यामुळे कणखरपणा वाणागणिक बदलतो. कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेसाठी काढलेली, आपल्या महाबळेश्वरकडेही लावली जाणारी कॅमारोसासारखी वाणे मिनेसोटात परसात लावून पांघरुणावर भरवसा ठेवणे शहाणपणाचे नाही.

याच ठिकाणी नागपूरच्या वाचकांना एक सांगणे आवश्यक आहे. परदेशातील व्हिडिओ पाहून येथील गच्चीवरच्या रोपांना डिसेंबरमध्ये झाकू नका. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये रोप लागते आणि हिवाळा हाच त्याच्या वाढीचा आणि फळाचा हंगाम असतो. येथे काडाचा पातळ थर घालायचा तो ओल टिकावी आणि फळ मातीला टेकू नये म्हणून. आपला घातक ऋतू मे आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि तसल्या दिवसांतून स्ट्रॉबेरी जगवणे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मिनेसोटात पांघरूण काढण्याची वेळ एप्रिलमध्ये येते आणि तेव्हाही घाई नडते. मार्चमधल्या एखाद्या उबदार आठवड्याला भुलून काड काढले तर रोपे लवकर फुटतात, लवकर फुलतात आणि मेमधल्या दहिवरात, म्हणजे गोठणाऱ्या दवात, सापडतात. उमललेले फूल उणे १ अंशालाच दगावते. ते झडत नाही. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात आणि मधला पिवळा भाग काळा पडतो, जणू कुणी फुलात काजळाचे बोट टेकवले आहे. त्या फुलाला फळ येत नाही. उलट फार उशीर केला तर प्रकाशावाचून पालवी फिकी पडते. म्हणून एप्रिलमध्ये दर दोन-तीन दिवसांनी काड थोडे उचलून पाहावे, आणि साधारण चौथा हिस्सा रोपांना फिकट पिवळी पालवी दिसू लागली की काढायला घ्यावे. काढलेले काड फेकू नये, रांगांच्या मधल्या पट्ट्यात ठेवावे. दहिवराचा अंदाज असेल त्या संध्याकाळी तेच पुन्हा रोपांवर ओढता येते, किंवा जुनी चादर पसरून सकाळी काढता येते.

मोठ्या शेतांवर अशा रात्री तुषार सिंचन चालू करतात, आणि पाहणाऱ्याला ते उफराटे वाटते. पण पाणी गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. फुलावर पाण्याचा थर सतत गोठत राहिला तर ती उष्णता फुलाला शून्याच्या आसपास धरून ठेवते, आणि काचेच्या कुपीत बसवल्यासारखे ते फूल बर्फात जिवंत राहते. पाणी मध्येच थांबवले तर मात्र बाष्पीभवनाने ते आणखी थंड होते, म्हणून सकाळी बर्फ वितळून गळू लागेपर्यंत तुषार चालूच ठेवावे लागतात.

बहिणीने दुसऱ्या वर्षी नवी रोपे लावली आणि काड पसरले ते नोव्हेंबरच्या सहा तारखेला, थर्मामीटरने तीन दिवस ४ अंश दाखवल्यावर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिने काड हाताने बाजूला सारून मला दाखवले: चपट्या, तपकिरी जुन्या पानांच्या मधोमध, घडी न मोडलेल्या पंख्यासारखे एक पिवळसर पान, आणि त्याच्या देठावर बारीक पांढरी लव. "ताई, काढू का गं सगळं?" असे तिने विचारले. मी तिला आणखी दहा रोपे उघडून पाहायला सांगितले. त्यांपैकी तीन फुटली होती, तेव्हा काढ म्हटले.